वाडी लिहा, वसाहत नको

रोह्यातल्या एका कंपनीच्या स्टोअरमध्ये मी बावीस वर्षं काम करते आहे. माल कुठून आला, कोणत्या रॅकवर ठेवला, कोणी नेला, हे रकाने भरल्याशिवाय माझ्या हातून एक बोल्टही बाहेर जात नाही. म्हणून माहेरी काही लिहायचं असलं की बाबांचा फोन मलाच येतो.

माहेर पेणच्या खाडीकडचं. वडखळला उतरून रिक्षानं जायचं. मी सहा वर्षांची असताना खाडीचा बांध फुटून खांड गेली आणि भरतीचं खारं पाणी शेतांतून थेट आमच्या चुलीत शिरलं. त्यानंतर चौदा कुटुंबांनी वरच्या अंगाला, उंच माळावर नवी घरं बांधली. दगडमाती सगळ्यांनी डोक्यावरून वाहिली. इतकी वर्षं कागदोपत्री या घरांना नावच नव्हतं. आता ग्रामपंचायत रस्त्याच्या तोंडाशी पाटी लावणार होती आणि घरांच्या उताऱ्यावरही तेच नाव चढणार होतं. बाबांनी पंचाहत्तरी ओलांडली आहे. ‘मी हाय तवर लागू दे,’ एवढंच ते फोनवर म्हणाले.

अर्ज मी एका दिवसात तयार केला आणि त्याचा फोटो ग्रामसेवकांना पाठवूनही दिला. बोलताना सगळे वरची वाडी म्हणतात. पण सरकारी कागदावर जरा भारदस्त हवं, असं मला वाटलं. मी लिहिलं, ‘वरची वसाहत’. कोणाला विचारलं मात्र नाही.

ग्रामसभेच्या दिवशी सकाळी मंडळी आमच्या ओटीवर जमली. मी वाचायला लागले, तर पहिल्याच ओळीला बाबांनी हात वर केला.

‘काय लिवलंस? वसाहत? कुनाची?’

‘आपली.’

‘आपली नाय. वसाहत कंपनीची असते, नायतर गोऱ्यांची.’

शेजारची काकू सुकट निवडत बसली होती. मान वर न करताच ती म्हणाली, ‘कंपनीत राहून पोरीची जीभ पन कंपनीची झाली गो! उद्या आमाला गेटपास मागंल.’

सगळे हसले. मीही हसले, पण कान तापले. शब्दात वाईट काय आहे, हे दाखवा, म्हटलं, आणि अर्जाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तीन रकाने आखले: वसाहत कोणती, कोणी वसवली, आधी तिथे काय होतं.

इंग्रजांच्या वसाहती शाळेत पाठ केल्या होत्या. तिथल्या मूळ लोकांना धड्यात जेमतेम एक ओळ होती. मग रोह्याची औद्योगिक वसाहत. ती सरकारनं आखली, आधी तिथे भाताची खाचरं होती. मग मी राहते ती कामगार वसाहत. आमच्या गेटवर वाल विकायला येणारी बाई एकदा सहज म्हणाली होती, ‘तुमच्या पाण्याच्या टाकीखाली आमचं शेत व्हतं.’ मी तेव्हा दोन किलो वाल घेतले आणि विषय बदलला. कंपनीच्या प्रयोगशाळेतली माझी मैत्रीण काचेच्या बशीत वाढलेल्या जंतूंचे ठिपके मोजते, त्यांनाही ती कॉलनीच म्हणते. आधी काय होतं, तर खाली पसरलेला खाऊचा थर. तो खाऊनच ते वाढतात.

शेवटची ओळ आमची. कोणी वसवली: आम्ही. आधी काय होतं: काही नाही.

‘खोटं नको लिवू,’ बाबा म्हणाले. ‘शेजारच्या गावाची गुरं चरायची हितं.’

हे मला माहीतच नव्हतं. पेन थांबलं. ‘मग आपणही तेच केलं की, बाबा.’

‘इचारलं आमी. तीन येळा गेलो त्यांच्याकडं. पयल्यांदा पानी पन दिलं नाय. तिसऱ्यांदा बोलले, या, ऱ्हावा. पन गुरांची वाट मोडू नका.’

ती वाट अजून आहे. सातव्या आणि आठव्या घराच्या मधून ती तळ्याकडे जाते, बैलगाडी सहज जाईल एवढी. आखणी चुकली म्हणून जागा वाया गेली, असं मी आजवर धरून चालले होते. कुटुंबं वाढली, मुलांची लग्नं झाली, खोल्या कमी पडल्या. पण त्या वाटेवर कोणी साधी मोरीसुद्धा काढलेली नाही. माझ्या माणसांचा एवढा अभिमान मला याआधी कधी वाटला नव्हता.

सभेत ग्रामसेवकांकडे ठराव टाइप होऊन तयार होता. त्यात वसाहतच होतं.

‘भाऊसाहेब, तो शब्द बदला. वाडी लिहा,’ मी उभं राहून म्हणाले.

‘ताई, तुम्हीच तर पाठवलंत. आणि दोन्ही एकच की. वसाहत जरा बरं दिसतं.’

‘एकच नाहीत. चूक माझी आहे.’

भाऊसाहेब कपाळाला आठ्या घालून घड्याळाकडे बघायला लागले. ठराव पुढच्या सभेवर जाणार, असं मला वाटलं. बाबा खाली बघत होते. एवढ्यात मागून शेजारच्या गावचे एक म्हातारबाबा काठी टेकत उठले. आमचं आणि त्यांचं गाव एकाच पंचायतीत आहे.

‘भाऊसाहेब, ही मानसं माज्या बापाला इचारून बसलीत. वाडीच लिवा.’

‘मंजूर?’

‘मंजूर!’ आमच्या चौदा घरांपेक्षा त्यांच्याच गावचा आवाज मोठा आला.

भाऊसाहेबांनी टाइप केलेला शब्द पेनानं खोडला, वर ‘वाडी’ लिहिलं आणि खाडाखोडीशेजारी सही करायला कागद बाबांपुढे सरकवला. बाबांनी सावकाश सही केली आणि पेन खाली ठेवलं नाही. सहीखाली ते आणखी काही लिहायला लागले.

‘नाना, पत्ता नको, नुसती सही चालते,’ भाऊसाहेब बाबांना म्हणाले.

‘आसू द्या,’ म्हणत बाबांनी लिहिलं: मु. वरची वाडी.