दिवसाचे दीडशे

पगार वाढवून सांगणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण आईच्या भुसावळच्या मैत्रिणीइतक्या थाटात थापा मारणारं माणूस अख्ख्या राजस्थानात नसेल. ऐंशीच्या दशकात वडील जयपूरला रेल्वेत होते, आणि ही आमची मावशी तिथेच खासगी नर्स होती. चारदीवारीतल्या, म्हणजे तटाच्या आतल्या जुन्या शहरातल्या जवाहिऱ्यांकडचा कुणी ऑपरेशनला मुंबईला नाहीतर वेल्लोरला निघाला, की सोबत मावशी असायचीच. गाडीत पेशंटच्या मनगटाला पदराचं टोक बांधून ती बसल्या बसल्या डुलकी काढायची. तो जरा हलला की ही टक्क जागी. तुपात तळलेल्या, पाकातल्या घेवरकडे हात नेणाऱ्या सेठजींना, "सेठजी, हे खाल तर पुन्हा ऑपरेशन," असं चक्क मराठीत दटावायची, आणि त्यांना ते कळायचंही. तिकीट तपासनिसापासून हमालापर्यंत सगळ्यांची नाडी बघायची, तीही फुकट. परतली की स्टेशनवरून थेट आमच्या स्वयंपाकघरात, आणि चहाला उकळी यायच्या आत आकडा बाहेर: "दिवसाचे दीडशे, भाऊजी. प्रवासाचे वेगळे." वडील तिला सिस्टरबाई म्हणत. ते गंभीरपणे विचारायचे, "आमच्या साहेबांना ठेवता का नोकरीला?" त्यावर ती म्हणायची, "बघू, नाडी कळते का त्यांना."

हे ऐकून ऐकून माझ्या ताईच्या डोक्यात खूळ शिरलं. सरकारी नर्सिंग शाळेत तिचं नाव लागलं होतं, पण तिथे तीन वर्षं कोण घालवणार? कुठल्याशा खासगी दवाखान्यात सहा महिने शिकायचं आणि मावशीसारखं फिरतीवर निघायचं, असं तिनं ठरवूनच टाकलं. आईनं रडून पाहिलं, वडिलांनी अबोला धरून पाहिला. प्रवेशाची मुदत संपत आली तेव्हा त्यांनी मावशीला बोलावलं आणि ताईसमोरच विचारलं, "सिस्टरबाई, एकदा खरं सांगा. हातात किती पडतात?"

मावशीनं कपबशी खाली ठेवली. "पेशंट बरा होऊन घरी आला, तर ठरल्याच्या निम्मे. एखादी साडी. मग महिना महिना कुणी बोलावत नाही. खोलीचं भाडं निघतं म्हणायचं."

"आणि पेशंट गेला तर?" ताईनं विचारलं.

"घरात रडारड चाललेली असते गं. मीही त्यांच्यात बसून रडते. मग पैसे कुठल्या तोंडानं मागायचे?"

ताई चिडली. "मग इतकी वर्षं दीडशे दीडशे काय सांगत होतीस?"

"ठरलेले सांगत होते," मावशी म्हणाली. "मिळालेले कोण कौतुकानं ऐकणार होतं?"

ताई दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं सरकारी शाळेत गेली. पुढे नोकरीत कायम झाली, आज पेन्शन घेते. मावशी त्यानंतरही येत राहिली, प्रवासातल्या गमती सांगत राहिली, पण आकडा काही तिच्या तोंडून निघाला नाही. वडील मुद्दाम विचारायचे, "या खेपेला किती, सिस्टरबाई?" ती नुसती हसायची आणि चहात साखर कमी आहे म्हणायची. एका पोरीचं भलं व्हावं म्हणून त्या बाईनं आपली सगळी श्रीमंती एका सकाळी आमच्या स्वयंपाकघरात सोडून दिली. तिची फार आठवण येते. वाटतं, निदान एकदा तरी तिनं माझ्यासमोर "दिवसाचे दोनशे" म्हणायला हवं होतं. मी खरं मानलं असतं.