रोम ते फातिमा, बसने

आखातात, सोहारच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात मी एकवीस वर्षं कामगारांच्या बसगाड्यांचं वेळापत्रक लावतोय. कामगार राहतात त्या कुठल्या कॅम्पवरून कुठली गाडी कधी सुटेल, ड्रायव्हर आजारी पडला तर त्याच्या जागी कोण, रमजानमध्ये शिफ्ट बदलली की सगळं पुन्हा पहिल्यापासून. आठवडाभर तिकडेच राहतो. गुरुवारी संध्याकाळी राजधानीतल्या वादी कबीरच्या घरी पोचतो तेव्हा अंगात काही उरलेलं नसतं. त्यामुळे एका शुक्रवारी, म्हणजे इथल्या सुट्टीच्या दिवशी, चर्चहून आल्या आल्या बायकोने "सुट्टीत आपण युरोपात जायचं, बसने," असं जाहीर केलं, तेव्हा मला रडूच यायचं बाकी होतं.

"बसने? विमानं बंद पडली का?"

"रोम, मग लूर्द, मग फातिमा. सगळं बसने. आणि प्लॅन तू करायचास. तुझंच काम आहे ते."

ती इथल्या शाळेत लहान मुलांना शिकवते. तिने काही सांगितलं की गृहपाठ दिल्यासारखं वाटतं. लूर्दसारखंच मेरीमातेचं तीर्थ असलेल्या फातिमाला जायचं आम्ही वसईत लग्न झालं तेव्हापासून म्हणत होतो. मग मुलगी झाली, शिकली, कॅनडाला गेली. फातिमा राहूनच गेलं.

चार शुक्रवार मी लॅपटॉपपुढे घालवले. रोमहून नीस, तिथून तुलूझ, मग लूर्द, खाली माद्रिद, माद्रिदहून लिस्बन, तिथून फातिमा. कुठे रविवारी गाड्या कमी, कुठे बसस्टँडच गावाबाहेर. व्हिसासाठी प्रत्येक मुक्कामाचं बुकिंग दाखवायचं, म्हणजे एक गाडी हलली की पुढची सगळी हॉटेलं हलायची. आठवडाभर जे करून कंटाळायचो तेच सुट्टीच्या दिवशी घरी. पाचव्या शुक्रवारी छापलेला कागद तिच्यापुढे ठेवला.

तिने चष्मा लावून सगळा वाचला. "तुलूझला पंचवीस मिनिटं?"

"गाडी बदलायला पुरतात."

"बॅगा घेऊन? मला बाथरूमला जायचं असलं तर? जेवायचं कुठे?"

"बसमध्ये."

"मी तुझ्या कॅम्पमधली नाहीये रे," ती म्हणाली. हसली नाही.

मला राग आला. "मग तूच कर," म्हणालो आणि आत जाऊन आडवा झालो. तासाभराने बाहेर आलो तर ती अजून तो कागद घेऊन बसलेली. तिने त्यावर काहीच खोडलं नव्हतं.

"विमानाने दोन तासांत होतं गं," मी जरा नरमाईने म्हणालो. "बसचा हट्ट कशाला?"

"बसमध्ये दहा तास तू माझ्या शेजारी असशील. आपण दोघं दहा तास सलग शेजारी कधी बसलोय, सांग मला."

मी खरंच आठवून पाहिलं. मुंबईचं विमान अडीच तासांचं. मुलगी झाली त्या दिवशी हॉस्पिटलच्या बाकावर मी दिवसभर होतो, पण तेव्हा ती आत होती.  

रजेचा अर्ज दिला तर मॅनेजर म्हणाला, "बाईस दिन? प्लांट शटडाऊन में बसें कौन देखेगा?" अकरा दिवस दिले. उरलेले पुढच्या वर्षी, इन्शाल्ला.

रोम गेलं, नीस गेलं. विमानाने थेट तुलूझला उतरायचं, तिथून पुढे बस. या वेळी प्रत्येक ठिकाणी गाडी बदलायला दोन-दोन तास ठेवले. माद्रिदला एक अख्खा दिवस कोरा सोडला.

"इथे काय पाहायचं?" तिने विचारलं.

"काही नाही. पाय लांब करायचे."

व्हिसाच्या खिडकीतल्या मुलीने कागद उलटसुलट पाहिले आणि विचारलं, एवढं अंतर बसने का? मी तोंड उघडायच्या आत बायको म्हणाली, "यांना बस फार आवडते." मी तिच्याकडे पाहिलं. चेहरा अगदी गंभीर.

पासपोर्ट मंगळवारी आले. मी सोहारला होतो. मधल्या सुट्टीत तिने फोन केला, मागे मुलांचा गोंगाट. व्हिसावरच्या तारखा तिने मला दोनदा वाचून दाखवल्या. 

"खरंच जातोय ना आपण?"

"जातोय."

खिडकीबाहेर दुपारच्या पाळीचे ड्रायव्हर "यल्ला, यल्ला" करत, लवकर चल म्हणून मला बोलावत होते. मी त्यांना ओरडू दिलं, आणि तिला तारखा आणखी एकदा वाचायला सांगितल्या.