कायमच्या बंद दुकानातले काका

आस्थापनेचे नाव: शिलाई मशीन दुरुस्ती. प्रवर्ग: दुरुस्ती सेवा. ग्राहकांचे मानांकन: पाचपैकी साडेचार. सद्यःस्थिती: कायमचे बंद.

सदर आस्थापनेचे चालक विधुर असून त्यांच्या डाव्या तर्जनीवर सुई आरपार गेल्याची जुनी खूण आहे. या कायमच्या बंद दुकानाचं शटर ते रोज सकाळी वर करतात, खुर्ची दाराशी ओढतात आणि तेलाची कुपी हाताशी घेऊन बसतात. त्यांना सगळे मशीनकाका म्हणतात. म्हणजे म्हणायचे. हल्ली म्हणायला कोणी येत नाही.

फोनमध्ये नकाशा आला तेव्हा काका हरखले होते. जगात कोणालाही आपली गल्ली सापडावी आणि तीही फुकटात, ही कल्पनाच त्यांना विलक्षण उदार वाटली. दुकान बंद केलं की ते फोन घेऊन हिंडायचे. चपला शिवणारा कधी बसत नाही, कुठल्या दवाखान्याचा जिना अंधारा आहे, कुठल्या बोळात गाडी अडकते, सगळं इमानदारीने नकाशावर चढवायचे. नकाशाच्या कंपनीने त्यांना बिल्ला दिला. शेजारी कुलूप-किल्लीवाला मित्र बसायचा. काका त्याला किल्ली म्हणत, तो त्यांना सुई.

"सुई, कंपनी पगार किती देते रे?"

"बिल्ला दिलाय."

"बघू."

"फोनमध्ये आहे."

"मग जेवायलाही फोनमध्येच जात जा."

मागच्या वर्षी किल्ली गेला. त्याच्या दुकानापुढे 'कायमचे बंद' हा शेरा काकांनीच लावला, कारण खोटी माहिती त्यांना खपत नसे. नकाशाने तत्परतेने आभार मानले. दोघांचा गाळा एकच, मधे नुसती फळ्यांची भिंत. एका पत्त्यावर एक दुकान बंद आणि एक चालू हे कुठल्याशा यंत्राला पटलं नसावं. थोड्याच दिवसांत काकांच्या दुकानापुढेही तेच दोन शब्द उमटले.

काकांना हे कळलं ते एका बाईंमुळे. मशीन कडेवर घेऊन त्या दारात उभ्या राहिल्या, नजर फोनवर.

"अहो, हे बंद आहे ना?"

"मी बसलोय की."

"नाही, पण इथे कायमचं बंद दाखवतंय."

"मग मी कोण?"

बाईंनी एकदा काकांकडे पाहिलं, एकदा फोनकडे. दोघांत फोन जास्त भरवशाचा वाटला असावा. "विचारून येते," म्हणाल्या आणि गेल्या. कोणाला विचारणार होत्या, देव जाणे.

काकांनी दुरुस्ती कळवली. पुरावा अपुरा, असं उत्तर आलं. उघड्या शटरचा फोटो पाठवला, मग शटरसकट स्वतःचा. तरीही अपुराच. मग त्याच कंपनीतून एका मुलीचा फोन आला, तुमचं दुकान यादीत सगळ्यात वर आणायचं का म्हणून.

"वर आणायचं राहू द्या, आधी उघडा तरी."

"सर, ते दुसरं खातं बघतं. मी फक्त जाहिरातीचं बघते."

"बंद दुकानाची जाहिरात करता?"

"हो सर, तशी अट काही नाहीये."

त्यानंतर लेकीचा फोन आला. ती लांब राहते आणि कामात असते.

"बाबा, दुकान बंद केलंत आणि मला बोललातसुद्धा नाही?"

"अगं, नाही केलं. आत्ता दुकानातूनच बोलतोय."

"हो, हो," ती म्हणाली, म्हाताऱ्यांना म्हणतात तसं. "बरंच झालं पण. आता आराम करा."

त्या संध्याकाळी काकांनी आयुष्यातली पहिली खोटी माहिती नकाशावर चढवली. किल्लीच्या बंद होण्याने आपण बंद झालो, तर तो उघडला की आपणही उघडू, असा त्यांचा सरळ हिशेब होता. किल्लीचं दुकान 'सुरू' असल्याचं त्यांनी कळवलं. दुसऱ्याच्या दुकानाबाबत त्यांच्या बिल्ल्याला अजून मान होता. किल्ली ताबडतोब उघडला. काका बंदच राहिले.

मग माणसं येऊ लागली. किल्ल्या हरवलेली, घराबाहेर अडकलेली, घामाघूम.

"किल्लीवाले कुठे आहेत?"

"गेले."

"कधी येतील?"

"तसं काही बोलले नाहीत."

समोरच्याच्या ध्यानात यायला जरा वेळ लागतो. तेवढ्यात काका खुर्ची पुढे करतात, पाणी देतात, दुसऱ्या किल्लीवाल्याकडे जायचा रस्ता सांगतात. रस्ता सोपा आहे, पण काका सावकाश सांगतात. कोणी बसतं, कोणी पाणी पिऊन निघतं. शेरा पुन्हा बदलायला काकांचं बोट अनेकदा फोनवर जातं आणि तिथेच थांबतं. तो बदलला की हेही यायचे बंद होतील. परवा एकाने किल्लीच्या दुकानाला पाच तारे देऊन खाली लिहिलं: काम झालं नाही, पण तिथले गृहस्थ बोलायला फार चांगले.

आस्थापनेचे नाव: कुलूप-किल्ली. प्रवर्ग: सुरक्षा सेवा. ग्राहकांचे मानांकन: पाचपैकी पाच. सद्यःस्थिती: सुरू.

फळ्यांच्या पलीकडे किल्लीची खुर्ची टेबलावर उलटी करून ठेवलेली आहे.