आर्व्होच्या खाणीतली औषधाची पेटी

माझ्या धाकट्या बहिणीने, ऐलीने, आर्व्हो लेहतिनेनशी लग्न ठरवलं तेव्हाच मी तिला म्हटलं होतं, बाई गं, हा माणूस तुझ्यापेक्षा दगडांशी जास्त बोलेल. लोखंडाच्या खाणीत तो डंपर दुरुस्त करायचा. शनिवारी सौनात, वाफेच्या खोलीत, घाम काढत बसायचं, दिवसभर काळी कॉफी प्यायची, एवढ्यावर त्याचं भागायचं. मग खाण बंद पडली. गावातले काही पुरुष दारूला लागले, काही काम शोधत डुलूथ शहरात गेले, आणि आमचे हे मेहुणे कॉम्प्युटरला चिकटले.

राक्षस मारायचा एक बंदुकीचा खेळ तेव्हा फार गाजत होता. पडद्यावर स्वतःची फक्त बंदूक दिसते, बाकी सगळं अंगावर येतं. वेड लागलेली माणसं त्या खेळाच्या पोटात शिरून तो बदलायची: भिंती आपल्या, राक्षस आपले, आवाज आपले. आर्व्होने त्यात आमची बंद पडलेली खाण बांधायला घेतली. दोन बोटांनी टाइप करत. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी, दुसरं काय! मी तोंडावर बोलले तर म्हणाला, “हेल्मी, इथे खाण अजून चालू आहे.”

आणि खरंच, लिफ्ट तीच, जेवणाच्या डब्यांची खोली तीच, तळाशी साचलेलं पाणी तेच. फक्त पाणी हिरवं आणि विषारी केलं होतं. आवाज सगळे घरचे. राक्षसाचं गुरगुरणं म्हणजे त्यांच्या गॅरेजचं दार. मरताना राक्षस जो आवाज काढायचा ते आर्व्होचं घोरणं, ऐलीने चोरून टेप केलेलं.

ऐलीचा स्वतःचा आवाज औषधाच्या पेटीला होता. जखमी झालात आणि पेटीवरून गेलात की ती म्हणायची, “झालं. आता बरं.” हे वाक्य ती सगळ्यांनाच म्हणायची, पोळलेल्यांना, पडलेल्यांना, नोकरी गेलेल्यांनाही. आर्व्होने बोट कापून घेतलं होतं, तिने पट्टी बांधली, आणि त्याने ते वाक्य तिथेच स्वयंपाकघरात टेप केलं. मागे किटलीची शिट्टी ऐकू येते. त्या खेळात जागा कमी, म्हणून त्याने आवाज चेपून चेपून बारीक केला आणि मूळचा पुसून टाकला. ही माणसं अशीच, एक काम झालं की आधीचं फेकून देतात.

खाण लोकांना आवडली. कुठून कुठून माणसं संध्याकाळी इंटरनेटवरून एकत्र खेळायची. पण एकाकडे जुनी खाण आणि दुसऱ्याकडे नवी असली की जुळत नसे, सगळं मध्येच बंद पडे. म्हणून काही बदलून नवी खाण इंटरनेटवर सोडली की आर्व्हो सगळ्यांना दरडावून सांगायचा, जुनी पुसा. घरी एक शब्द न बोलणारा माणूस तिथे मुकादम व्हायचा. सगळे ऐकायचे. कॅनडातल्या सस्काचुवानचा एक ओरेस्ट नावाचा गहू पिकवणारा तेवढा ऐकायचा नाही. “महाआळशी,” आर्व्हो करवादायचा. “एक दिवस याला हाकलणार आहे मी.”

मग ऐलीच्या घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी जीव वाचवला, आवाज काढून घेतला. ती गळ्यात पांढरी पाटी अडकवून हिंडायची आणि तिच्यावर लिहायची. तेव्हाही तिरकसच. मी वेलदोडा घातलेला पुला पाव नेला तर लिहिलं, “जळलाय. मुकी आहे, आंधळी नाही.”

एकदा आम्ही दोघी स्वयंपाकघरात बसलो होतो. आतल्या खोलीत आर्व्हो खेळत होता. भिंतीपलीकडून आलं, “झालं. आता बरं.” ऐलीच्या हातातला कप तसाच राहिला. थोड्या वेळाने पुन्हा. तिने पाटी घेतली, लिहिलं, उठून त्याच्या तोंडासमोर धरली. “त्या बाईला माझ्या घरातून बाहेर काढ.”

आर्व्होने वाचलं. “बरं,” म्हणाला. त्याच दिवशी त्याने पेटीला घंटीचा आवाज लावला, नवी खाण सोडली, आणि सवयीप्रमाणे सगळ्यांना सांगितलं, जुनी पुसा. स्वतःचीही पुसली. बायकोचं ऐकायचं तर पूर्ण ऐकायचं, असा तो माणूस.

दोन हिवाळ्यांनी ऐली गेली.

दफन झाल्यावर आठवडाभरात तो माझ्या दारात उभा. बर्फ झटकायचंही भान नाही. “हेल्मी, तुझ्याकडे तिचा आवाज आहे का?” मी घर उलथंपालथं केलं. आमच्या लग्नांच्या फिल्मा मुक्या. फोनवरचे निरोप घेणाऱ्या यंत्रावर नेहमी त्याचाच आवाज, तोही घसा खाकरत. बहिणीचा आवाज कसा होता ते मला आठवेना, याचं मला इतकं रडू आलं की त्यानेच मला पाणी दिलं.

त्याने खेळणाऱ्या सगळ्यांना विचारलं. जुनी खाण कुणाकडे आहे का? प्रत्येकाचं उत्तर एकच: तुम्हीच सांगितलं होतं ना, पुसली.

मग सस्काचुवानचा फोन आला. “पेरणीत होतो, आत्ता वाचलं,” ओरेस्ट म्हणाला. “माझ्याकडे जुनीच आहे. शिव्या द्यायच्या तर द्या, पण नवी घ्यायचं राहूनच गेलं.”

आर्व्हो म्हणाला, “तुझ्या आळसाचं भलं होवो रे बाबा.”

ती जुनी खाण आली, त्यानंतरच्या रविवारी त्याने मला बोलावलं. मी आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या शेजारी खुर्ची ओढून बसले. तो लिफ्टने खाली गेला, पेटीपाशी आला, तिच्यावरून चालत गेला. काहीच झालं नाही.

“बिघडलं का?” मी विचारलं.

“नाही. शंभर टक्के धडधाकट असलो तर पेटी उचलता येत नाही. आधी लागायला हवं. जितकं जास्त लागेल तितक्या जास्त पेट्या.”

“मग नुसता आवाज बाहेर काढून ऐक की!”

“काल काढला होता,” तो म्हणाला. “नुसता आवाज होता. ती माझ्याशी बोलत नव्हती.”

तो वळला आणि त्या हिरव्या पाण्यात उतरला. पडद्याच्या कडा लाल झाल्या, तब्येतीचा आकडा शंभरावरून उतरू लागला. बाहेर आला, पेटीवर गेला.

“झालं. आता बरं.” मागे किटली.

तीच. जराशी चिडलेली, जराशी हसू दाबलेली, माझी ऐली. मी आर्व्होचा दंड घट्ट धरला. “पुन्हा,” म्हणाले.

“आता बरा झालोय मी,” आर्व्हो म्हणाला. “बरा झालो की ती बोलत नाही.” आणि तो दुसऱ्या पेटीकडे जायच्या आधी पुन्हा पाण्यात उतरला. आकडा उतरत होता. तो वर यायला निघाला तसं मी त्याला थांबवलं.

“इतक्यात येऊ नकोस,” मी म्हणाले. “चांगलं लागू दे.”