लाइनआउटचे कोड कुणी फोडले?

"नेहा, आजपासून क्लिप्स पाठवू नको," शिर्के सर फोनवर म्हणाले. "तुझं लॉगिन बंद केलंय."

मी इंदौरला, भंवरकुआंच्या माझ्या खोलीत. कोच असलेले सर आणि भारताची महिला रग्बी टीम परदेशात, आशियाई स्पर्धेत. मी टीमची व्हिडिओ अ‍ॅनालिस्ट. मॅचचं शूटिंग माझ्याकडे यायचं, त्यातल्या कामाच्या क्लिप्स कापून मी सरांना पाठवायची.

आपल्याला कुणी खिजगणतीत धरलं नव्हतं. तरी पहिल्या दोन मॅच आपण जिंकलो. तिसरी मात्र एका आखाती देशाच्या टीमशी हरलो, आणि विचित्र रीतीने हरलो. बॉल मैदानाबाहेर गेला की दोन्ही टीम समोरासमोर रांगेत उभ्या राहतात आणि बॉल त्यांच्या मधे फेकतात. हा लाइनआउट. बॉल पुढे येणार की मागे, हे आपली कॅप्टन कोडमधे ओरडून सांगते. त्या दिवशी प्रत्येक बॉल त्यांच्याच हातात गेला.

"सर, शक माझ्यावर आहे?"

"सगळे कोड तुझ्याकडे आहेत. मग काय, मैदानातल्या मुलींवर शक घेऊ?"

सर महूचे, फौजेतून रिटायर झालेले. आवाज चढवत नाहीत, त्यामुळे जास्त लागतं.

मग मीही शक घ्यायला लागले. मॅनेजरवर. टीमबाहेर बसवलेल्या एका मुलीवर. ती माझ्याशी नेहमी गोड बोलायची, आता तेही खटकायला लागलं.

शेवटी लॅपटॉपवरची ती मॅच परत लावली. एक गोष्ट खटकली. त्यांची बॉल पकडायला उडी मारणारी खेळाडू आपला कोड ऐकून हलतच नव्हती, जरा थांबून हलायची. कोड माहीत असता तर थांबली कशाला असती? मधल्या क्षणात आपल्या मुलींचे ओठ हलत होते. प्रेक्षकांच्या गोंगाटामुळे आम्ही आवाज बंद ठेवूनच काम करतो. मी हेडफोन लावला.

कोड झाल्यावर आपली दमलेली मुलगी विचारत होती, "पीछे?"

कॅप्टन म्हणत होती, "हाँ हाँ, पीछे."

आखातात हिंदी कुणाला कळत नाही?

सरांना फोन केला. ते म्हणाले, "हे स्वतःला वाचवायला तर नाही ना सांगत?"

"तुमच्याकडचं रेकॉर्डिंग आवाज लावून ऐका, सर."

थोड्या वेळाने त्यांचा फोन आला. "बरोबर आहे." बस, इतकंच.

क्वार्टर फायनलमधे मुली तोंड मिटून खेळल्या, इशारे हाताने. एका ट्रायने, म्हणजे बॉल गोलरेषेपलीकडे टेकवून मिळणाऱ्या गुणांनी, जिंकलो. सेमी फायनलमधे धुलाई झाली. तरी पहिल्या चारांत आलो, आणि टीम परतल्यावर एअरपोर्टवर हार घालायला गर्दी होती.

सर इंदौरला आले तेव्हा भेटले. पुढच्या कॅम्पला ये, म्हणाले. मी हो म्हटलं, पण एक अट घातली: कोड आणि लॉगिन माझ्याबरोबर आणखी एकाला द्या.

"काम जास्त होतंय का?" सरांनी विचारलं.

"नाही सर," मी म्हटलं. "पुढच्या वेळी शक निदान अर्धा-अर्धा वाटला जाईल."