माजी तेवढी पिवळी करा

ऐंशीच्या दशकात आमच्या नियोजन कार्यालयाने बोईसरजवळच्या एका गावाचा नकाशा लोकांनी पाहावा म्हणून ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावला होता. राखायची शेतं आणि जंगल हिरव्या रंगात, घरांसाठी मोकळी होणारी जमीन पिवळ्या. हरकती ऐकायला मी शेजारी खुर्ची टाकून बसायचो.

गावातले एक काका रोज यायचे. नकाशापुढे आले की आधी चपला काढायचे. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "भाताच्या खाचरात चपला घालून कोन जातं काय?" दुसऱ्यांच्या जमिनी ते छत्रीच्या टोकाने दाखवायचे. स्वतःची मात्र बोटाने, हळूच, झोपलेल्याला जाग येऊ नये तशी.

कुणी आपली जमीन पिवळी करून मागितली, की काका त्याच्यावर खेकसायचे, "शेती गेली तर खाशील काय, कारखान्याचा धूर?" मला वाटलं, आपल्या योजनेला एक तरी खरा माणूस भेटला.

शेवटच्या दिवशी सगळे गेल्यावर ते जवळ आले. "सायेब, ही सगली हिरवी रावू द्या. माजी तेवढी पिवळी करा."

"का हो काका?"

"खोल्या बांधायच्या हायत. कारखान्यातल्या लोकांना भाड्याने देईन. आजूबाजूला शेत नाय, तर त्यांना वारा कुठून येल?"

मी हसू दाबत त्यांची हरकत लिहून घेतली. पण मीही कधीचा बोईसरात खोली शोधत होतो, त्यामुळे राहवलं नाही.

"काका," मी विचारलं, "शेताकडे खिडकी असलेली एखादी मिळेल?"