स्वामी सरांनी घातलेलं कुलूप

नांदेडच्या त्या ऑफिसात पहिल्याच दिवशी मन्मथ स्वामी सरांनी मला आणि शेजारच्या टेबलावरच्या रेश्माला फळ्यासमोर उभं केलं. फळ्यावर दहा लिहिलं. "दोघींनी वाचा, मनात एक मिळवा, अन् मंग लिहा." रेश्मानं अकरा लिहिलं. ते पुसून मीही अकराच लिहिलं.

"दोघींनी एकेक मिळवला, तर बारा पाहिजे होते. चुकलं कोण?"

रेश्मानं माझ्याकडे बोट दाखवलं, मी तिच्याकडे.

"कोणीच न्हाई. म्हणून तर दोघांनी एकदम करायचं काम लई वंगाळ हाय."

सर उदगीरचे. कपाळावर विभूती, शर्टाची बाही कायम शाईनं माखलेली, कारण प्रोग्राम आधी कागदावर लिहायचे. कुणी "चालतंय, सर" म्हटलं की विचारायचे, "चालतंय, की आज चालून राहिलंय?"

आमचं सॉफ्टवेअर रक्ततपासणीचे रिपोर्ट बनवायचं, एकामागून एक. सकाळच्या गर्दीत लॅबमध्ये लोक ताटकळायचे. मालकांनी आठ कोअरचं नवं मशीन आणलं आणि म्हणाले, "आठ डोकी आहेत, मग एकच का राबतंय?" सरांनी दोन महिने मागितले, मिळाले पंधरा दिवस. त्यांनी रिपोर्ट एकाच वेळी बनतील असं केलं, पण रुग्णाचं नाव छापताना बाकीच्यांनी थांबावं म्हणून मध्ये एक कुलूप घातलं. त्या थांबण्यानं वेग फारसा वाढला नाही.

सर बहिणीकडे भोकरला गेले होते, तेव्हा मालक माझ्याकडे आले. "ते थांबणं काढ." मी कुलूप काढलं. शंभरदा चालवून पाहिलं, शंभरदा बरोबर आलं. सरांना मी सांगितलं नाही.

तीन आठवड्यांनी लोह्याच्या एका निवृत्त मास्तरांच्या नावावर दुसऱ्याच कुणाचा रिपोर्ट छापला गेला. साखर अगदी ठीक. प्रत्यक्षात ती भयंकर वाढलेली होती. मास्तर निर्धास्त घरी गेले, चौथ्या दिवशी बेशुद्ध झाले. दवाखान्यातून परत आले नाहीत.

सर आठ दिवस तीच चूक पुन्हा घडवून आणायला बसले. हजारो वेळा नीट चाललं आणि आठव्या दिवशी एकदाच नावं बदलली. मग त्यांनी बदलांची नोंद उघडली. तिथं माझं नाव होतं.

बैठकीत मालक म्हणाले, "हा भाग तुमचा ना, स्वामी?"

"भाग माझा हाय. कुलूप काढलं कुणी अन् काढाय लावलं कुणी, ते नोंदीत बघा."

मालकांनी नोंद बघितली नाही. माझ्याकडे बघितलं. "असं काही झालं होतं का, अर्चना?"

"मला आठवत नाही," मी म्हणाले.

दुपारी सरांनी आपले कागद गोळा केले आणि नोकरी सोडून निघाले. दारात मी "सर..." म्हणाले, तर ते म्हणाले, "यंत्राची चूक धरायला आठ दिस लागले. माणसाची लगेच दिसली."

मागच्या वर्षी लातूरच्या बसस्टँडवर ते पत्नीसोबत दिसले. कुठल्याशा कॉलेजात शिकवतात. "ही अर्चना," त्यांनी ओळख करून दिली, "आमच्या हापिसात होती. लई हुशार." त्यात टोमणा होता की नाही, मला कळलं नाही. वहिनी पाण्याची बाटली आणायला गेल्या, तेव्हा सर हळूच म्हणाले, "मी लोह्याला जाऊन आलो. मास्तरांच्या बायकोला सांगितलं, आमच्याकडनं झालं. त्यांना कॉम्प्युटरातलं काही उमगलं न्हाई. पण बसवून घेतलं, चहा दिला." मग थांबून विचारलं, "तू गेलतीस का?"

त्यांची गाडी लागली. मी काही बोलायच्या आत ते चढले.

नांदेडहून लोह्याला तासभराचा रस्ता आहे. मी अजून गेलेले नाही.